सार खिंडीच्या वाटेवर

आमच्या घरात आजवर चढलेला सर्वांत मोठा डोंगर माहूरचा. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी हिमाचलातल्या कसोलहून सार खिंडीला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "पैसे भरून पायपीट?" मला मात्र वाटले, परभणीच्या उन्हात पोती वाहणाऱ्याला यात काय अवघड!

कळसूबाई १,६४६ मीटर; ही खिंड सुमारे ४,२००. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच मिळतो. पाणी ८६ अंशांच्या सुमारास उकळते, डाळ शिजता शिजत नाही. भूक मरते, झोप मोडते. घाई करणारा गडीच आधी बसतो. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये.

तिसऱ्या मुक्कामी माझे डोके ठणकू लागले. परत पाठवतील, बाबांचे पैसे बुडतील, म्हणून गप्प राहिलो. मित्रांनो, हा शुद्ध मूर्खपणा. डोके दुखले की सांगायचे आणि वर चढणे थांबवायचे. त्रास वाढला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तडक खाली उतरायचे. रात्री उलट्या झाल्या तेव्हा सोबत्याने गटप्रमुखाला उठवले. मला खाली आणले, आणि उतरता उतरताच डोके हलके झाले.

खिंड मी पाहिली नाही. घरी हे अजून सांगितलेले नाही.