समोरच्याची चाल काय सांगते?

पत्त्यांच्या डावात समोरच्याचा चेहरा वाचावा, असे म्हणतात. मोबाइलच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या पोकरमध्ये मात्र चेहराच नसतो. समोरच्याने किती रक्कम लावली, किती वेळ घेऊन लावली आणि आधीच्या डावांत तो कसा खेळला, एवढेच दिसते. त्यातही ‘कॅश गेम’ या प्रकारात प्रत्येक डाव खऱ्या पैशांचा असतो. अशा वेळी मोठ्या रकमेची चाल आली, तर समोरच्याचा हात खरोखर बळकट आहे की तो नुसती हूल देतो आहे, हे कसे ओळखायचे? प्रश्न जुगाराचा असला तरी उत्तर संभाव्यतेच्या गणितात आहे, आणि ते वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सहज समजण्यासारखे आहे.

पोकरचे नियम सर्वांना ठाऊक नसतात. म्हणून आपण ओळखीची तीन पत्ती घेऊ. बावन्न पानांच्या कॅटमधून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत हाती काहीच जमत नाही. ना जोडी, ना रंग, ना क्रम. उरलेल्या ५,६६० प्रकारांत जोडी किंवा तिच्याहून सरस काही तरी असते. म्हणजे १०० डावांत सुमारे २६ वेळा हात बळकट आणि ७४ वेळा पोकळ.

तीन पत्तीत पाने न पाहताही चाल करता येते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ही चाल पानांविषयी काहीच सांगत नाही, कारण खेळणाऱ्यालाच पाने ठाऊक नसतात. हात बळकट असो वा पोकळ, ब्लाइंड चाल सारखीच येणार. मुख्य मुद्दा येथेच आहे. बळकट हात असताना एखादी खूण किती वेळा दिसते आणि पोकळ हात असताना किती वेळा, या दोन प्रमाणांतील फरकावर त्या खुणेचे मोल ठरते.

समजा, पाने पाहून खेळणारा एक गडी बळकट हात असताना १०० पैकी ८० वेळा मोठी चाल करतो आणि पोकळ हात असताना १० वेळा. १०० डावांचा हिशेब मांडू. २६ बळकट हातांतून सुमारे २१ मोठ्या चाली येतील, ७४ पोकळ हातांतून सुमारे ७. एकूण २८ चालींपैकी २१, म्हणजे ७५ टक्के, खऱ्या. चाल येण्यापूर्वी हात बळकट असण्याची शक्यता २६ टक्के होती, ती आता ७५ टक्के झाली. दुसरा गडी पोकळ हातावर ३० वेळा मोठी चाल करतो. त्याच्या सुमारे ४३ चालींपैकी २१ खऱ्या, म्हणजे निम्म्याहूनही थोड्या कमी. रक्कम तीच, पण गडी बदलताच तिचा अर्थ बदलला. असा विचार करण्याची रीत थॉमस बेझ या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा यावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला.

हे गणित पत्त्यांपुरते नाही. सातारा जिल्ह्यात नीरेकाठी वसलेल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरपुढेही हाच प्रश्न येतो: गाईची चाचणी सदोष निघाली, तर ती खरोखर आजारी आहे काय? समजा, १००० गाईंत २० आजारी आहेत. चाचणी त्यांतील १८ पकडते. पण निरोगी ९८० पैकी ४९ गाईंनाही चुकून आजारी ठरवते. मग सदोष ठरलेल्या ६७ गाईंपैकी खऱ्या आजारी १८, म्हणजे सुमारे २७ टक्केच. गाई वारंवार गाभ टाकत असतील अशा गोठ्यात आजाराचे प्रमाण मुळातच जास्त असते. तेथे त्याच चाचणीचा तोच निकाल कितीतरी अधिक विश्वसनीय ठरतो.

गाय आणि गडी यांत मात्र एक फरक आहे. आपण निकाल कसा वाचतो हे पाहून रोग आपले वागणे बदलत नाही, गडी बदलतो. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली या प्रश्नाचा गणिती पाया घातला आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील हूल तपासली. कल्पना सोपी आहे. मध्ये १०० रुपये जमले आहेत आणि समोरच्याने शेवटची ५० रुपयांची चाल केली. आपला हात असा आहे की, हूल असेल तर आपण जिंकू, नाही तर हरू. ५० रुपये लावून जिंकलो तर १५० मिळणार, म्हणून चारांत एक चाल हूल असली की आपली बरोबरी होते. वरच्या पहिल्या गड्याच्या २८ चालींत नेमक्या ७, म्हणजे चौथा हिस्सा, हुली होत्या! अशा गड्यापुढे पैसे लावा किंवा पाने टाका, सरासरीने फरक पडत नाही. त्याला अचूक ओळखूनही हाती काही लागत नाही.

यात खेळ चालवणाऱ्याचा हिस्सा धरू. समजा, तो २०० रुपयांच्या डावातून ५ टक्के, म्हणजे १० रुपये कापतो. मग जिंकल्यावर १४० मिळतात. चार डावांत एकदा १४० आले आणि तीनदा ५० गेले, की १० रुपयांचा तोटा होतो. दोघे गडी कितीही हुशार असोत, खात्रीची कमाई डाव भरवणाऱ्याची.

आणखी एक अडचण आहे. आपण पाने टाकली की समोरच्याची पाने उघडत नाहीत. यशस्वी झालेल्या हुली आपल्याला कधी दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रमाण ठरवणे अवघड जाते. नशिबाचा वाटाही मोठा असतो. २०१७ साली अमेरिकेत ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने चार निष्णात खेळाडूंना हरवले. ती सरस आहे हे ठरवण्यासाठी १,२०,००० डाव खेळवले गेले. मग शेपाचशे डाव खेळून ‘मला समोरचा कळतो’ म्हणणाऱ्या तरुणाच्या खात्रीला किती आधार असेल? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु अशी खात्री कायद्याने जात नाही. ती हिशेब करून पाहिल्यावरच जाते, असे आम्हाला वाटते.

म्हणून वर्गात हा प्रयोग जरूर करावा. पैशांऐवजी चिंचोके घ्यावेत. एका विद्यार्थ्याने दर वेळी कॅट नीट पिसून तीन पाने घ्यावीत. जोडी किंवा सरस हात असेल तर नेहमी मोठी चाल करावी. हात पोकळ असेल तर गुपचूप फासा टाकावा आणि सहा पडले तरच मोठी चाल करावी. पुढच्या फेरीत चार, पाच किंवा सहा पडल्यावर करावी. प्रत्येक चालीनंतर पाने उघडून इतरांनी नोंद ठेवावी. पहिल्या फेरीत सुमारे ६८ टक्के चाली खऱ्या निघायला हव्यात, दुसरीत सुमारे ४१ टक्के. दहा डावांनंतर विद्यार्थ्यांना हे प्रमाण लिहायला सांगावे, आणि मग शंभर डावांनंतर. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत.