खाना एका दुकानात, बरकत साऱ्या गल्लीत

टॉवेल-चादरींच्या सौद्यासाठी तुर्कस्तानात जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक दिवस अंतालियासाठी ठेवावा. समुद्रकाठचे हॉटेल सोडून दुपारचे जेवण जुन्या शहरात, म्हणजे कालेइचीत घ्यावे आणि मग पायीच निघावे. रोमन बादशहा हेड्रियनच्या भेटीनिमित्त इ. स. 130 मध्ये बांधलेला तीन कमानींचा दरवाजा, सेल्जुकांनी 13 व्या शतकात उभारलेला विटांचा यिवली मिनार आणि उताराखालचे जुने बंदर, सारे थोड्याशा चालीत पाहून होते.

ही झाली सैर. व्यापाऱ्याने त्यामागचा हिशेबही पाहावा. किनाऱ्यावरच्या अनेक मोठ्या हॉटेलांत राहणे-खाणे एकाच बिलात असते. पाहुणा तेथून हलत नाही आणि गल्लीतला खानावळवाला, गालिचेवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. मिनार पाहायला आलेला माणूस मात्र चहा पितो, चार दुकाने चढतो. जुन्या दगडविटा हेच त्या गल्लीचे भांडवल!

14 व्या शतकात मशहूर प्रवासी इब्न बतूता येथे आला. जुनेर कपड्यांतल्या एका माणसाने त्याला जेवायला बोलावले. गरिबावर बोजा नको म्हणून तो कचरला. नंतर कळले की, तो मोची सुमारे दोनशे कारागिरांचा पुढारी आहे आणि ही मंडळी दिवसाची कमाई रात्री मेहमाननवाजीवर खर्च करतात. एकट्या दुकानाने बाजार बसत नाही, हे त्या मोच्याने तेव्हाच ओळखले होते.