एम्युलेटरवरील बीबीसी मायक्रो संगणकातील कॅसेट-साठवण : बेसिक भाषेतील दोष व त्यांचे निदान

सारांश : बीबीसी मायक्रो या संगणकावर बेसिक भाषेतील कार्यक्रम व माहिती ध्वनिफितीवर जतन केली जात असे. आज तीच प्रक्रिया एम्युलेटरच्या साहाय्याने आधुनिक संगणकावर करता येते. परंतु मूळ यंत्रातील अनेक दोष तेथेही उद्भवतात आणि काही नवीन दोषांची भर पडते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे, त्यांची लक्षणे व निदानाचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बीबीसी मायक्रो, बेसिक, कॅसेट, एम्युलेटर, माहितीचे जतन.

१. प्रस्तावना

ब्रिटनमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने तयार केलेला बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. भारतातही १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी याच संगणकाची निवड झाली होती. त्यामुळे एका पिढीतील विद्यार्थी व शिक्षक यांची संगणकाशी पहिली ओळख या यंत्राद्वारे झाली. त्या काळात डिस्क ड्राइव्ह महाग असल्याने साधा कॅसेट रेकॉर्डर हेच अनेकांचे साठवणीचे साधन होते. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते. म्हणून जुन्या कॅसेटमधील मजकूर संगणकीय फाइलमध्ये उतरवून एम्युलेटरवर चालविणे हा जतनाचा व्यवहार्य मार्ग ठरतो. हा मार्ग यशस्वी होण्यासाठी दोष नेमका कोठे आहे हे ओळखता येणे आवश्यक आहे.

२. साठवणीची कार्यपद्धती

या संगणकात शून्य हा अंक १२०० हर्ट्झच्या एका आवर्तनाने, तर एक हा अंक २४०० हर्ट्झच्या दोन आवर्तनांनी दर्शविला जातो. सामान्य वेग सेकंदाला १२०० बिट असून प्रत्येक बाइटसाठी १० बिट लागतात. म्हणजेच सेकंदाला सुमारे १२० बाइट साठविले जातात. माहिती जास्तीत जास्त २५६ बाइटच्या गटांत विभागलेली असते. प्रत्येक गटाच्या आरंभी शीर्षभाग असतो व त्यात फाइलचे नाव आणि गटाचा क्रमांक नोंदविलेला असतो. शीर्षभाग आणि माहिती या दोहोंसाठी स्वतंत्र तपासणी-संख्या असल्याने वाचनातील चूक संगणकाच्या लक्षात येते. एम्युलेटरमध्ये फितीची जागा बहुधा यूईएफ प्रकारची फाइल घेते. तीत ध्वनी न साठविता उलगडलेले बाइट साठविले जातात.

३. वाचनातील दोष

३.१ चुकीची फाइल-प्रणाली : एम्युलेटरमध्ये डिस्क-प्रणाली बहुधा आधीच कार्यरत असते. अशा वेळी 'लोड' ही आज्ञा कॅसेटकडे न जाता डिस्ककडे जाते आणि फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. यावर '*टेप' ही आज्ञा प्रथम देणे हा उपाय आहे. कॅसेटवरील नाव १० अक्षरांपर्यंत असू शकते, तर डिस्कवर ही मर्यादा ७ अक्षरांची आहे, हेही ध्यानात घ्यावे.

३.२ 'सर्चिंग' संदेशावर अडकणे : फीत सुरू नसणे, फीत इच्छित फाइलच्या पुढे गेलेली असणे, नाव चुकणे किंवा वेग न जुळणे ही याची चार प्रमुख कारणे होत. नावाच्या जागी रिकामे अवतरण दिल्यास पुढे येणारी पहिली फाइल वाचली जाते. त्यामुळे नावाचा प्रश्न वेगळा काढता येतो. ३०० बिटच्या वेगाने मुद्रित केलेल्या फितीसाठी '*टेप३' ही आज्ञा द्यावी लागते.

३.३ 'डेटा?' व 'ब्लॉक?' संदेश : पहिला संदेश तपासणी-संख्या न जुळल्याचे, तर दुसरा अपेक्षित क्रमांकाचा गट न आल्याचे सूचित करतो. फीत थोडी मागे नेल्यास संगणक तो गट पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करतो. मात्र यूईएफ फाइलमध्येच चूक असेल तर कितीही वेळा मागे नेऊन उपयोग होत नाही. मूळ कॅसेटचे पुन्हा ध्वनिमुद्रण करणे भाग पडते. त्या वेळी वाचनशीर्षाचा कोन फितीशी जुळवून घ्यावा, कारण तो बिघडल्यास २४०० हर्ट्झचा स्वर प्रथम क्षीण होतो. ध्वनी असंकुचित स्वरूपातच साठवावा. मूळ फीत नष्ट झाली असल्यास '*ऑप्ट २,०' या आज्ञेने चुकांकडे दुर्लक्ष करून उर्वरित भाग वाचता येतो. परंतु हाती येणारा कार्यक्रम निर्दोष असेलच असे नाही.

४. स्मृतीचा दोष

काही वेळा कार्यक्रम पूर्ण वाचला जातो, पण चालविताच 'नो रूम' किंवा 'बॅड मोड' असा संदेश येतो. हा दोष फितीचा नसतो. केवळ कॅसेट असलेल्या यंत्रावर बेसिक कार्यक्रम षोडशमान पद्धतीतील &ई०० या स्थानापासून सुरू होतो. डिस्क-प्रणाली असल्यास हे स्थान सामान्यतः &१९०० होते. म्हणजे २८१६ बाइट कमी मिळतात. ज्या चित्ररीतींना २० किलोबाइट लागतात, त्यांत कार्यक्रमासाठी ८७०४ ऐवजी ५८८८ बाइटच उरतात. '*टेप' या आज्ञेने फाइल-प्रणाली बदलते, परंतु हे स्थान बदलत नाही. त्यासाठी 'पेज=&ई००' व 'न्यू' या आज्ञा देऊन मग कार्यक्रम वाचावा. 'ब्रेक' कळ दाबल्यास हे स्थान पूर्ववत होते. एम्युलेटरच्या रचनेतून डिस्क-प्रणालीचा रॉम काढून टाकणे हा अधिक स्थायी उपाय होय.

५. लेखनातील दोष

वाचनातील दोष निदान संदेशाद्वारे प्रकट होतो. लेखनातील दोष मात्र मूक असतो. 'सेव्ह' आज्ञेनंतर संगणक रेकॉर्डर सुरू करून 'रिटर्न' कळ दाबण्यास सांगतो. रेकॉर्डर खरोखर मुद्रण करीत आहे किंवा नाही हे जाणण्याचे साधन संगणकाकडे नसते. एम्युलेटरच्या फीत-नियंत्रणात मुद्रणाची कळ दाबलेली नसल्यास गटांचे क्रमांक पडद्यावर यथास्थित दिसतात, पण काहीही जतन होत नाही. म्हणून फीत मागे नेऊन '*कॅट' ही आज्ञा द्यावी. या आज्ञेने प्रत्येक गट वाचून तपासला जातो, परंतु स्मृतीतील कार्यक्रमाला धक्का लागत नाही. ही तपासणी होईपर्यंत एम्युलेटर बंद करू नये.

माहितीच्या फाइलबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. 'प्रिंट#' ने लिहिलेली माहिती प्रथम स्मृतीत साचते व २५६ बाइट पूर्ण झाल्यावर फितीवर जाते. शेवटी 'क्लोज#' न दिल्यास अखेरचा अपूर्ण गट फितीवर उतरतच नाही. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी लिहिणाऱ्या कार्यक्रमात ही आज्ञा राहिल्यास यादीतील शेवटची नावे गळतात आणि ही बाब पुढील वाचनाच्या वेळीच उघड होते. तसेच, संख्या व शब्द ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने ते वाचावे लागतात. अन्यथा प्रकार न जुळल्याचा दोष येतो.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निदानाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम फाइल-प्रणाली, नंतर फितीची स्थिती व वेग, त्यानंतर मुद्रणाची शुद्धता, पुढे स्मृतीचे आरंभस्थान आणि सर्वांत शेवटी कार्यक्रमातील तर्क तपासावा. या क्रमाने गेल्यास निर्दोष फीत सदोष ठरवून टाकून देण्याचा धोका टळतो. एम्युलेटरमुळे फितीची झीज व ध्वनीची पातळी हे प्रश्न मागे पडतात. परंतु जतन झाले असे मानणे व जतन झाल्याची खात्री करणे यांतील अंतर मात्र कायम राहते. जुन्या कॅसेटच्या बाबतीत तर मूळ फीत पुन्हा वाचण्याची संधी मिळेलच असे नसल्याने ही खात्री त्याच बैठकीत करून घेणे हिताचे ठरते.