मधल्या पायरीवर पाय न ठेवता

'लोकसंख्येचे स्थलांतर' हे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीचे डबे, वळकट्या आणि छावण्या उभ्या राहतात. पदार्थविज्ञानवाले मात्र हेच शब्द अणुरेणूंविषयी वापरतात. अणूला ऊर्जेच्या ठराविक पायऱ्याच असतात. कोणत्या पायरीवर किती अणू आहेत, ती त्या पायरीची लोकसंख्या. आणि प्रकाशाच्या साह्याने त्यांना दुसऱ्या पायरीवर नेणे, हे स्थलांतर. प्रश्न दिसायला साधा आहे : वाटेत एकही न गमावता सगळेच्या सगळे हव्या त्या पायरीवर कसे न्यावेत?

पायऱ्या दोनच असल्या तर योग्य रंगाचा प्रकाश टाकावा, अणू वर जातो. पण प्रकाश चालूच ठेवला तर तोच त्याला खालीही आणतो! झोपाळ्यासारखी ही वर-खाली इसिडोर रबी यांनी १९३७ साली गणिताने मांडली. पुढे १९४४ चे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. तेव्हा येथे सारे कौशल्य नेमक्या क्षणी हात आवरण्यात आहे.

खरी गंमत तीन पायऱ्यांची. पहिलीवरून तिसरीवर थेट जाण्याची वाट निसर्गाने बंद केलेली असते. उंचावरच्या मधल्या पायरीवरून वळसा घ्यावा लागतो. आणि ती मधली पायरी म्हणजे शेवाळलेली फरशी! पिवळा प्रकाश टाकणारा सोडियमचा अणू तशा पायरीवर सेकंदाच्या अब्जांशाच्या सोळापट, एवढाच काळ सरासरी टिकतो. मग तो घसरतो आणि भलतीकडेच जाऊन पडतो.

येथे दोन लेसर लागतात : एक पहिल्या पायरीला मधलीशी जोडणारा, दुसरा मधलीला तिसरीशी जोडणारा. आधी पहिला लावावा, मग दुसरा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथील क्लास बर्गमान आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली सोडियमच्या रेणूंवर नेमके उलट करून दाखवले. दुसरा लेसर आधी लावला. तो ओसरू लागला तसा पहिला वाढवत नेला. दुसऱ्याने पुढच्या दोन पायऱ्या आधीच बांधून ठेवल्यामुळे एक अशी संमिश्र अवस्था तयार होते, की जिच्यात मधल्या पायरीचा अंशच नसतो. लेसरांचे प्रमाण सावकाश बदलले की ही अवस्था स्वतःच पहिलीकडून तिसरीकडे सरकते. मधली पायरी जवळजवळ कोरीच राहते!

मग हीच वाट सर्वांत उत्तम का? येथे गणिती पुढे येतात. 'उत्तम वाट कोणती' या प्रश्नाचे एक मोठे शास्त्र रशियाचे लेव्ह पोंत्र्यागिन यांनी १९५० नंतरच्या दशकात उभारले. चौदाव्या वर्षी अपघाताने त्यांची दृष्टी गेली होती. आईने गणिताची पुस्तके वाचून दाखवली आणि हा मुलगा गणिती झाला. याच शास्त्राच्या आधारे उगो बॉस्केन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तीन पायऱ्यांचा हिशेब मांडला. मधल्या पायरीवरची गळती हिशेबात न धरता, लेसरांच्या ठराविक बळात कमीत कमी वेळ लावायचा, तर उत्तर सरळ क्रमाचे येते : पहिला लेसर हळूहळू उतरावा, दुसरा चढावा. एकामागून एक लावण्यापेक्षा वेळ सुमारे १३ टक्क्यांनी वाचतो. पण वाटेच्या मध्यावर तीन चतुर्थांश लोकसंख्या त्या निसरड्या पायरीवर उभी असते! गळतीची किंमत हिशेबात धरा, की उलटा क्रम श्रेष्ठ ठरू लागतो. मात्र तो सावकाशी मागतो, नाहीतर जोरकस प्रकाश.

म्हणजे 'उत्तम' हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. कशाच्या दृष्टीने उत्तम, हे आधी सांगावे लागते : वेळेच्या, बळाच्या की हानीच्या?

हा केवळ कागदी वाद नव्हे. २००८ साली अमेरिकेतील बोल्डर येथे डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने पोटॅशियम व रुबिडियम यांचे अतिथंड, सैल जुळलेले रेणू याच उलट्या क्रमाने अगदी तळच्या पायरीवर उतरवले. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी तापमानात ते होते. मधल्या पायरीवरून घसरले असते, तर तेवढ्या धक्क्यानेही ही थंडी मोडली असती. ती मोडली नाही. आणि रसायनक्रिया इतक्या गारठ्यात कशा घडतात, हे पाहण्याचे दार त्यानंतर उघडले.