अजिंठ्याचे रंग झाडपाल्याचे नाहीत

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं, डोळे अंधाराला सरावले, की मागून कुणीतरी ठामपणे सांगतंच : "हे सगळे रंग झाडपाल्याचे बरं का! पानं, फुलं, मुळं, हळद. केमिकल नव्हतं, म्हणून तर दीड हजार वर्षं टिकले." सहलीच्या मुलांना शिक्षक हेच सांगतात. छत्रपती संभाजीनगरहून पाहुण्यांना घेऊन आलेले यजमान हेच सांगतात. संध्याकाळी शहरात परतल्यावर पैठणीच्या दुकानात हेच वाक्य साडीबद्दल ऐकू येतं. ते इतक्यांदा आणि इतक्या विश्वासाने बोललं जातं की कुणाला शंकाच येत नाही. पण ते चूक आहे. त्यातला 'म्हणून' तर सरळ उलटा आहे. हे रंग पानाफुलांचे असते तर आज तिथे बघायला फारसं काही उरलंच नसतं.

आधी भिंतीवर काय आहे ते पाहू. 1930 च्या दशकात मद्रासच्या सरकारी संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे नमुने तपासले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातच बसून काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी, ते काम चालू ठेवलं. निष्कर्ष गुंतागुंतीचे नाहीत. तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवडी, तीही लोहयुक्त मातीच. हिरवा ही एक हिरवी खनिज माती. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांना आतून असाच हिरवा लेप बसलेला सापडतो, त्यामुळे ती आणायला लांब जायला नको होतं. पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम, केओलिनची पांढरी माती. निळा म्हणजे लाजवर्द हा दगड. काळा मात्र काजळीचा. तो काहीतरी जाळून केलेला आहे, पण जळून उरतो तो निव्वळ कार्बन. त्याला वनस्पतीचा रस म्हणता येत नाही.

म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द बरोबर आहे, पण निसर्ग म्हणजे फक्त झाडं नव्हेत. हे रंग डोंगरातून आले.

आता टिकण्याचं. याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की हळदीचा डाग पडतो. साबण लावला की तो जायचा सोडून लालसर होतो. बायका मग शर्ट सरळ कडक उन्हात टाकतात आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, दोनतीन दिवसांत नाहीसा होतो. सगळ्या 'झाडपाला' सिद्धान्ताचं उत्तर या दोरीवरच्या शर्टात आहे. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या रेणूतून येतो. अशा सेंद्रिय रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. ती साखळी निळा-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला उरलेला पिवळा दिसतो. पण शोषलेला प्रकाश ही ऊर्जा आहे. त्या ऊर्जेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने साखळी कुठेतरी तुटते आणि रंग संपतो. डाग धुतला जात नाही, त्याचा रंग मोडतो.

गेरूचं तसं नाही. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, सोप्या भाषेत गंज. ऑक्सिजनला त्याच्याकडून घेण्यासारखं काही उरलेलंच नाही, कारण तो आधीच पूर्ण गंजलेला आहे. उन्हाने तो फिका पडत नाही. खेडोपाडी घरांच्या भिंतींना गेरू आणि पिवडीचे पट्टे ओढायची रीत टिकली ती यामुळे. आज बाहेरच्या भिंतींच्या महागड्या रंगांतही विटकरी, मातकट, बदामी छटा अनेकदा लोहाच्या ऑक्साइडवरच केलेल्या असतात. अजिंठ्याचा चितारी आणि आजचा रंगकारखाना या एका बाबतीत एकाच मालावर विसंबून आहेत.

कापडाचा रंग उन्हाला किती टिकतो हे मोजायला जगभर निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटते, आठवी सर्वांत उशिरा, आणि साधारणपणे प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या दुप्पट प्रकाश सोसते. नमुना आणि पट्ट्या शेजारी ठेवून दिव्याखाली धरायच्या आणि नमुना कोणत्या पट्टीबरोबर विटतो ते पाहायचं. हळद या मापात अगदी तळाशी येते. कुसुंबा आणि पळसाच्या फुलांचा रंगही तसाच कच्चा. रंगपंचमीला पळसाचा रंग अंगावर घ्यायला छान, भिंतीवर किंवा शालूवर पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला नाही. उलट मंजिष्ठा, आल या झाडाच्या मुळ्या आणि नीळ हे वनस्पतींचेच रंग बरेच पक्के. खारव्याचं लाल कापड आलाच्या मुळीत रंगवत, ते त्याच्या पक्केपणासाठीच. म्हणजे सगळे वनस्पती-रंग कच्चे असंही नाही. प्रश्न झाडाचा नसून रेणूचा आहे, आणि तो रेणू कशाला किती घट्ट धरून बसला आहे याचा.

मग हा गैरसमज आला कुठून? माझ्या मते तो हवेतून आलेला नाही. अजिंठ्यात वनस्पती आहेत, फक्त त्या रंगात नाहीत. चित्र काढण्याआधी खडकावर मातीचा गिलावा दिला गेला, आणि त्या मातीत भाताचं तूस, गवत आणि वनस्पतींचे धागे मिसळले होते. वाळताना गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून. रंगाची भुकटी भिंतीला चिकटावी म्हणून त्यात सरस किंवा डिंकासारखं सेंद्रिय चिकटद्रव्यही होतं. वेरूळच्या गिलाव्यात तर भांग आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात ते सप्रमाण मांडलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या गिलाव्याला किडींनी जास्त पोखरलं त्याचा संबंध त्यांनी याच्याशी जोडला. 'वेरूळमध्ये भांग सापडली' ही बातमी वर्तमानपत्रांत गाजली आणि ऐकणाऱ्यांनी गिलावा आणि रंग यांची सरमिसळ केली. हे बारकाईने पाहिलं तर चित्रांचा दुबळा भाग नेमका वनस्पतींचाच आहे. जिथे चित्र गेलं, तिथे बहुतेक वेळा रंग विटलेला नाही. खालचा गिलावा किडीने, ओलीने सुटून पडला आणि रंग त्याच्याबरोबर गेला.

आणखी एक नैसर्गिक पदार्थ इथे अडचणीचा ठरला. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रं वाचवायला बोलावलं. सुटणारा गिलावा त्यांनी बसवला, ते काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निशही दिलं गेलं. लाख हा किड्यांपासून मिळणारा अस्सल नैसर्गिक राळेसारखा पदार्थ. तो काळाबरोबर पिवळा, मग तपकिरी झाला, आणि पुढे तो काळजीपूर्वक काढण्यात रसायनतज्ज्ञांची वर्षं गेली. आज अनेक ठिकाणी जो काळपटपणा दिसतो तो धूर, वटवाघळांची घाण आणि असे जुने थर यांचा आहे. खालचा गेरू शाबूत आहे.

पण मला सर्वांत जास्त खटकतं ते निळ्याचं. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या लेण्यांत, विशेषतः पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतांवर, जो निळा चमकतो तो लाजवर्द आहे. त्याची त्या काळातली प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, सर-ए-संग इथे. सरळ रेषेत मोजलं तरी अजिंठ्यापासून सतराशे किलोमीटरहून जास्त. दगड आणायचा, फोडायचा, वाटायचा, आणि नेमका निळा भाग वेगळा करायचा. अशुद्ध लाजवर्द नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते. एवढा व्यापार, एवढा खर्च आणि एवढी कारागिरी भिंतीवर समोर दिसत असताना आपण 'पानाफुलांचा रस' म्हणून मोकळे होतो. त्या चिताऱ्यांना भोळेभाबडे ठरवतो. त्यांना आपल्या मालाची पुरेपूर जाण होती.

1828 मध्ये फ्रान्समध्ये ज्यां-बाप्तिस्त गिमे याला हाच निळा भट्टीत कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल बक्षीस मिळालं. किराणा दुकानातली, पांढऱ्या कपड्यांना आणि चुन्यात घालायची निळी पूड बहुधा हीच असते. घरी एक प्रयोग करून पाहा. चिमूटभर पूड बशीत घेऊन थोडा चुना मिसळा, काही होणार नाही. दुसऱ्या चिमटीवर लिंबू पिळून ठेवा. निळा हळूहळू करडा पडत जाईल आणि सडक्या अंड्यासारखा वास येईल, कारण आम्लाने त्यातलं गंधक सुटतं. खनिज म्हणजे अमर असंही नाही. ज्याचा त्याचा शत्रू वेगळा.

आता पैठणीकडे. "व्हेजिटेबल डाय आहे, रंग कधीच जाणार नाही" या वाक्यात दोन वेगवेगळे दावे आहेत आणि एकाने दुसरा सिद्ध होत नाही. आज बहुतेक पैठण्यांचं रेशीम कृत्रिम रंगांत रंगवतात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. विल्यम पर्किनने 1856 मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला, तेव्हापासून रसायनतज्ज्ञांनी हजारो रंग तपासून रेशमाला घट्ट धरणारे निवडले आहेत. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. तिचा रेणू आणि झाडाच्या निळीचा रेणू एकच, उन्हाला तो फरक कळत नाही.

झाडांच्या रंगांत रंगवलेलं रेशीम आजही मिळतं आणि ते सुंदर असतं. पण त्याची लक्षणं वेगळी. दोन लडींची छटा तंतोतंत जुळत नाही. रंग झगझगीत नसतो. हिरवा बहुधा दोनदा बुडवून करावा लागतो, आधी पिवळ्यात मग निळीत, कारण पक्का हिरवा देणारं एकच झाड मिळणं फार कठीण. त्यातला पिवळा आधी उडतो, म्हणून अशी जुनी हिरवी वस्त्रं निळसर पडलेली दिसतात. युरोपातल्या जुन्या भिंतपडद्यांवरची झाडं निळी दिसतात ती याच कारणाने. तेव्हा चमचमता पोपटी काठ दाखवून कुणी वनस्पती-रंगाचे पैसे मागू लागला तर रंगवण्याची रीत विचारावी : कोणतं झाड, तुरटी दिली का, किती वेळा बुडवलं. ज्याने खरोखर रंगवलंय तो आनंदाने तासभर सांगेल.

"पहिल्या धुण्यात मीठ टाका, रंग पक्का होतो." नाही होत. मीठ उपयोगी पडतं ते रंगवताना, गरम पाण्यात, आणि तेही सुती कापडाला. रंग कापडात शिरायला ते मदत करतं. एकदा कच्चा रंगलेला माल थंड पाण्याच्या बादलीत पक्का होत नाही. रेशमाला तर खारट पाण्यात भिजवूच नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. अजिंठ्याची चित्रं 'फ्रेस्को' नाहीत. फ्रेस्को ओल्या चुन्यावर काढतात, इथे चित्र कोरड्या पृष्ठभागावर आहे. शिवाय ज्यांना हळद आणि ओला चुना दोन्ही हवेत, त्यांनी आठवावं की हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, पिवळा उरत नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रात गळ्यातले मोती अंधारात चमकणाऱ्या दगडाच्या भुकटीचे नाहीत. पांढरा रंग जाड थराने दिलाय आणि बाजूने विजेरी मारली की तो उठून दिसतो. पैठणीची धूपछांव ही रंगाची करामत नाही, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा.

आणि छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी उन्हात वेगळा दिसतो, तेव्हा दुकानदाराने तुम्हाला फसवलेलं नसतं. दोन कापडांत दोन निराळे रंग असले की ते एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. प्रत्येक दिव्यात लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचं प्रमाण वेगळं असतं, आणि प्रत्येक रंग त्यातलं निराळं काही परत पाठवतो. दुकान कितीही भरलेलं असो, साडी आणि ब्लाउजपीस दोन्ही दारापर्यंत न्या, दिवसाउजेडी शेजारी धरा, मग पैसे द्या.