‘कॉम्प्रेसर गेला’: एका निदानाची सहा दशकं

१९५८ साली गोदरेज ही फ्रीज बनवणारी पहिली भारतीय कंपनी ठरली. तेव्हापासून घरगुती फ्रीजमधला गॅस दोनदा बदलला, मोटरची जात बदलली, दुरुस्तीची हत्यारंही बदलली. पण फ्रीज थंड करेनासा झाला की घरात उमटणारं वाक्य तेच राहिलं: ‘कॉम्प्रेसर गेला.’ मागे वळून पाहिलं, तर बिचाऱ्या कॉम्प्रेसरवर आळ आणणारा दोष मात्र दर टप्प्याला निराळा होता.

पहिला काळ आर-१२ गॅसचा. मोटर आणि पंप दोन्ही काळ्या लोखंडी डब्यात कायमचे सीलबंद. बाहेर फक्त तीन पिना, कॉमन, स्टार्ट आणि रन. शेजारी मोटर सुरू करून देणारा रिले आणि जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा ओव्हरलोड. त्या काळात खरा उपद्रव विजेचा. वीज जाऊन लगेच आली की मागच्या जाळीतला दाब उतरलेला नसे. मोटर गुणगुणायची, फिरायची नाही, आणि काही क्षणांत ओव्हरलोड ‘टक’ करून तोडायचा. कमी व्होल्टेजलाही हेच. फ्रीज बंद करून पाच मिनिटं थांबलं की अनेकदा काम भागे. म्हणून तर उशिरा वीज सोडणारा स्टॅबिलायझर घरोघरी आला.

मेकॅनिकचं मुख्य हत्यार सिरीज बल्ब. दोन पिनांवर पेटला तर वाइंडिंग शाबूत. एक टोक पिनेवर, दुसरं तांब्याच्या नळीवर ठेवून पेटला, तर वाइंडिंग बॉडीला लागलेलं. मीटर हाती आल्यावर हिशेब चोख झाला. कॉमनपासून रनपर्यंत १२ ओहम आणि स्टार्टपर्यंत २० भरले, तर रन ते स्टार्ट ३२ भरायलाच हवेत. वाइंडिंग खरंच जळलेलं निघालं, तर डबा कापून ते पुन्हा भरणारी आणि वेल्डिंग करून देणारी वर्कशॉपं होती.

मोटर फिरते पण जाळी गरम होत नाही, ही तक्रार जास्त फसवी. गॅस गळाला तरी तेच, पंपाच्या झडपा गेल्या तरी तेच. फरक गेज सांगतो. गळतीत फ्रीज बंद असतानाही दाब जेमतेम असतो. झडपा गेल्या असतील तर दाब पुरेसा दिसतो, पण फ्रीज चालू केल्यावर सक्शनचा, म्हणजे पंप गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब उतरत नाही.

नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीज मध्यमवर्गात रुळला. आता वर बर्फ आणि खालचं दूध नासलेलं, अशी तक्रार सुरू झाली. कॉम्प्रेसर तर अखंड चालू! दोष होता डीफ्रॉस्टच्या टायमरमध्ये, हीटरमध्ये किंवा पंख्यात. पॅनेलमागची कॉइल बर्फाने गच्च भरून हवेची वाटच बंद व्हायची.

१९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि १ जानेवारी २००३पासून नव्या फ्रीजमध्ये आर-१२ला बंदी आली. त्याची जागा घेतलेल्या आर-१३४एचं तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं. दुरुस्तीत व्हॅक्यूम नीट केला नाही, की कॅपिलरी या बारीक नळीच्या तोंडाशी पाणी गोठून चोक होतो. फ्रीज बंद ठेवला की बर्फ वितळतो, काही काळ छान थंडावा येतो, पुन्हा बंद. ही ये-जा दिसली की कॉम्प्रेसरला हात लावण्याचं कारणच नाही.

मग आला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. पन्नास ग्रॅमच्या आसपास भरला तरी पुरतो; पण ज्वलनशील, त्यामुळे भरलेल्या नळीजवळ ज्योत नेणं जिवावरचं. शिवाय चालू फ्रीजमध्ये त्याचा सक्शनचा दाब हवेच्या दाबाहूनही कमी असतो. फ्रीजरच्या बाजूला गळती असली, तर चालू फ्रीजवर साबणाचा फेस फुगणार नाही. उलट हवाच आत ओढली जाईल.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरने तर जुनं गणितच मोडलं. तीन पिना आहेत, पण रिले नाही आणि तिन्ही जोड्यांचा रोध सारखाच. जुना हिशेब लावणारा इथे चांगला कॉम्प्रेसर बाद ठरवेल. मोटरला वीज देतो तो बोर्ड. दोषाची खूण त्यावरच्या दिव्याच्या लुकलुकण्यात असते. व्होल्टेजचा झटकाही आधी बोर्डालाच बसतो.

हत्यारं बदलली तरी तपासाचा शहाणा क्रम टिकून आहे: आधी वीज आणि थर्मोस्टॅट, मग रिले किंवा बोर्ड, मग पंखा आणि डीफ्रॉस्ट, मग गॅस आणि चोक, कॉम्प्रेसर सगळ्यांत शेवटी. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असावं. म्हणूनच जाहिरातीत दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत असते ती कॉम्प्रेसरची. बोर्डाची हमी किती, हे बारीक अक्षरांत शोधावं लागतं.