सांधेवाल्याचे काम आणि तालुक्याचा पदवीधर

दौंड जंक्शनात पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांचे रूळ एकत्र येतात. रेल्वेत एकेकाळी हाताने सांधा बदलणाऱ्या माणसाच्या सावधपणावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असत. पुढे इंटरलॉकिंग आले. सांधा योग्य जागी बसून पक्का झाल्याखेरीज सिग्नल मिळूच नये अशी तरतूद झाली आणि माणसाच्या स्मरणावरचा भार यंत्रणेने उचलला. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात गेल्या दीड दशकात नेमके हेच घडले आहे. दौंड-शिरूरहून नोकरीसाठी पुण्याची वाट धरणाऱ्या पदवीधरांनी या बदलाचा अर्थ वेळीच समजून घेतला पाहिजे.

पूर्वी अनेकांनी लिहिलेले प्रोग्रामचे तुकडे एकत्र जोडावयाचे, ते माणसांकडून तपासून घ्यावयाचे आणि रात्री कामकाज थंडावल्यावर एकेका सर्व्हरवर चढवावयाचे, अशी रीत होती. आता प्रोग्रामरने आपला बदल सामाईक भांडारात जमा केला की दूरच्या केंद्रातील भाड्याचा संगणक, म्हणजेच क्लाउड, सगळे तुकडे जोडतो आणि ठरवून दिलेल्या शेकडो चाचण्या घेतो. एक चाचणी फसली तरी काम तेथेच थांबते. सर्व चाचण्या पार पडल्या तर नवी आवृत्ती आधी थोड्या ग्राहकांना आणि मग सर्वांना मिळते. या साखळीस पाइपलाइन म्हणतात. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यांत मोटारी आणि फ्रीज ज्या तत्त्वावर जोडले जातात, तेच तत्त्व येथे आहे. सदोष भाग पुढच्या टप्प्यावर जाता कामा नये.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत मिळाले. नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढविला, परंतु हाताने केलेल्या त्या कामात एक सर्व्हर राहून गेला. तेथील जुना, निकामी समजला गेलेला भाग जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात संस्थेचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. एका विसराळूपणाची एवढी किंमत असेल, तर विसरण्याची मुभाच न ठेवणारी यंत्रणा स्वस्त पडते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही.

प्रश्न आहे तो या स्वस्ताईचा भार कोणी सोसावयाचा हा. छापील यादी समोर ठेवून एकेक पडदा उघडावयाचा, एकेक बटण दाबून पाहावयाचे आणि चूक आढळल्यास नोंदवावयाची, हे हातचे तपासणीकाम अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या तरुणासाठी या व्यवसायातील पहिली पायरी होती. पाइपलाइनने घाव घातला आहे तो याच पायरीवर. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात संगणकीकरणाबाबत करार झाला, तेव्हाही कारकुनांच्या मनात हीच धास्ती होती. पुढे बँकांचा व्याप वाढला हे खरे. पण खातेवह्या लिहिण्याचे काम परत आले नाही. एकूण लाभ झाला म्हणून ज्याचा घास गेला त्याचीच भरपाई झाली, असे मानणे हा हिशेबातील अप्रामाणिकपणा होय.

तथापि यंत्राची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल स्वयंचलित तपासणीतून सहीसलामत सुटली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तपासणारा प्रोग्रामच सदोष होता, आणि ती फाइल टप्प्याटप्प्याने न देता सर्वांना एकदम दिली गेली होती. यंत्र सांगितले तेवढेच तपासते. काय तपासावयाचे, हे माणसालाच सुचावे लागते.

आणि हे सुचणे अनुभवातून येते. बाजार समितीच्या कांदापट्टीचा प्रोग्राम तपासताना शहरातील तरुण बेरीज-वजाबाकी बरोबर आली की समाधान मानील. ज्याच्या घरात कांदा पिकतो तो विचारील, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे मिळून मालाच्या किमतीहून अधिक झाले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याचे, खर्च वजा जाता, जेमतेम अडीच रुपये उरले होते. सातबाऱ्यावरील सामाईक खातेदार किंवा ‘हेक्टर-आर’मधील क्षेत्राची नोंद यांबाबतही हेच म्हणता येईल. ही जाण म्हणजे तालुक्याचे भांडवल आहे.

या भांडवलाचा उपयोग व्हावयाचा तर शिक्षणाची दिशा बदलली पाहिजे. सार्वजनिक प्रकल्पांसाठी गिटहबसारख्या सेवा पाइपलाइन विनामूल्य उपलब्ध करून देतात. सबब हिंजवडीतील कंपनी वापरते त्याच जातीची यंत्रणा शिरूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही वापरता येते. त्याला नवी इमारत लागत नाही, महागडी यंत्रसामग्रीही लागत नाही. हवा तो शिकविण्याचा निश्चय. प्रोग्राम चालला की पूर्ण गुण, ही परीक्षेची पद्धत सोडून तो कोठे कोलमडेल हे शोधणाऱ्यालाही गुण दिले पाहिजेत.

इंटरलॉकिंग आल्यावर सांधा हलविणाऱ्या हातांची गरज घटली. कोणता सांधा कोणत्या सिग्नलशी जखडावयाचा, हे ठरविणाऱ्याची गरज मात्र राहिली. तालुक्यातील पदवीधराला त्या जागेपर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयांचे काम आहे. ते टाळले, तर दौंडहून रोज पहाटे पुण्याकडे निघणाऱ्या गाडीत तरुणांची गर्दी तेवढीच राहील, पण पुण्यात उतरल्यावर त्यांच्यासाठी काम मात्र उरलेले नसेल.